सोळा की बत्तीस

३ तारीख, मंगळवार

काम मिळालं! म्हणजे मिळाल्यासारखं झालंय, पण आज तरी मी मिळालं असंच लिहिणार. एकोणीस वर्षं प्रेसमध्ये मान मोडून डीटीपी केलं, लोकांची पुस्तकं लावली. नोकरी सोडून सव्वा महिना झाला आणि व्हिजिटिंग कार्डांपलीकडे गाडी सरकत नव्हती. आज सकाळी एक म्हातारे गृहस्थ स्वतःच घरी आले. चाळीस वर्षं गवतांचा अभ्यास केलेला माणूस, मी त्यांना गवतवाले सरच म्हणणार. दोनशे बारा गवतांचं पुस्तक. मजकूर त्यांचा आणि चित्रं त्यांच्या बायकोची, काळ्या शाईने काढलेली, एकेक काडी, एकेक कुसळ. सगळं एका हार्ड डिस्कवर घालून आणलं होतं, आणि ती डिस्क मफलरमध्ये गुंडाळलेली.

म्हणाले, "पुस्तक सावकाश होऊ दे. पण पहिलं प्रकरण, बारा पानं, तेवढी मला महिनाअखेरपर्यंत हवीत. नमुना म्हणून. आवडली तर सगळं पुस्तक तुमचं. आणि खरं सांगू का, घाई माझी नाही, हिची आहे. एक डोळा गेलाय. दुसऱ्याच्या पडद्यात रक्त उतरतं मधून मधून. डॉक्टर म्हणतात, आज दिसतंय, उद्याचं सांगता येत नाही. तिला एकदा तिची चित्रं पुस्तकाच्या पानावर बघायचीत."

मी म्हटलं, "सर, महिनाअखेर कशाला, पंचवीस तारखेलाच देते."

दुपारी पहिली दोन चित्रं एकदम उघडली. एका चित्राची फाइल तीनशे एमबीची! कुठल्या मशीनवर स्कॅन केलंय देव जाणे. माझा सहा वर्षांचा लॅपटॉप घरघरला, आचके दिले आणि बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. आठ जीबी मेमरीत हे काम होणं शक्य नाही. नवीन घ्यायचा. ठरलं.

४ तारीख, बुधवार

नवऱ्याचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवाल्यांच्या कंपनीत आहे, म्हणून त्याला फोन केला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मेमरी किती घेणार?" हे आपण ठरवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

"सोळा पुरावी," म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा, हल्ली मेमरी आत बोर्डालाच चिकटवलेली असते. नंतर वाढवता येत नाही. एकदा घेतली ती घेतली."

फोन ठेवला तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. नंतर वाढवता येत नाही. लग्न ठरवताना मला कुणी एवढं बजावलं नव्हतं.

७ तारीख, शनिवार

दुकानात जाऊन आले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय काम करता?" म्हटलं, पुस्तकं करते. "मग आठसुद्धा चालेल." मला राग आला. म्हटलं, बाई गं, एकेक चित्र तीनशे एमबीचं आहे, आणि अशी दोनशे बारा. "अय्या, मग चौसष्ट घ्या!" आठावरून चौसष्टावर, तेही एका दमात. हिच्या सल्ल्याने मी साधा पंखासुद्धा घेणार नाही.

घरी येऊन वहीत तक्ता आखला. सोळा, बत्तीस, चौसष्ट. प्रत्येकापुढे फायदे, तोटे आणि किंमत. छान दिसतोय तक्ता. रकाने मी हातानेच आखले, जुनी सवय.

१० तारीख, मंगळवार

भाऊजींनी युक्ती सांगितली. नेहमीसारखं काम करत असताना किती मेमरी खर्च होते ते मशीनच दाखवतं, ते बघा आणि त्याच्या दुप्पट घ्या. बघितलं. शहाण्णव टक्के! आणि सरांची एकही फाइल उघडलेली नव्हती. उघडी होती ती फक्त नेटवरची लॅपटॉपांची तुलना, एक्केचाळीस पानं, आणि चार व्हिडिओ. साध्या वाचनाला एवढं लागत असेल तर पुस्तकाला किती लागेल? बरं झालं वेळेत मोजलं. सोळा बाद.

१२ तारीख, गुरुवार

आज सासूबाईंशी वाजलं. आई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "त्या बाईंची चित्रं दाखव ना गं. एवढं कौतुक सांगतेस तर बघू तरी."

"आई, या मशीनवर उघडत नाहीत."

"एकही?"

"एक उघडतं, पण दुसरं उघडलं की मशीन बसतं."

"मग एक दाखव."

"अहो, नवीन आल्यावर सगळीच दाखवते ना."

त्या म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं," आणि हसत हसत गेल्या. त्यांचा स्वभाव तसाच आहे, मनात काही नसतं. पण माझ्या जिव्हारी लागलं. एकोणीस वर्षं नाचले की मी त्या अंगणात! मग वहीत नवीन रकाना घातला, स्क्रीनचा आकार.

१६ तारीख, सोमवार

एका चित्राचं स्कॅन खराब आलंय, म्हणून मूळ कागद आणायला सरांकडे गेले होते. खरं तर त्याची इतक्यात गरज नव्हती. पण निदान काहीतरी काम केल्यासारखं वाटेल म्हणून गेले.

सर बाहेर गेले होते, बाईंनीच दार उघडलं. बारीक आहेत, खणखणीत आवाज. खोलीत एकच लांब टेबल, दोन खुर्च्या समोरासमोर. चित्र शोधायला त्यांनी कागद एकेक करून चेहऱ्याशी आणला, मान तिरकी करून. मी शोधू का म्हटलं तर म्हणाल्या, "नको. दिसतंय तोवर माझं मी बघते."

चित्र हातात देताना म्हणाल्या, "चाळीस वर्षं तो टेबलाच्या त्या बाजूला लिहितो आणि मी या बाजूला काढते. त्याचे कागद वेगळे, माझे वेगळे. एका पानावर आम्ही दोघं कसे दिसतो ते मी अजून बघितलेलं नाही. म्हणून जरा घाई करते हो तुला. कुठवर आलंय?"

मी म्हटलं, "चालू आहे."

का म्हटलं असं? एक ओळसुद्धा लावलेली नाही. तोंडातून गेलं खरं आणि नंतर जिना उतरताना कानशिलं तापली. बाई मागून ओरडल्या, "अक्षर जरा मोठं ठेव गं!"

अक्षर मोठं म्हणजे पानं वाढणार. पानं वाढली की फाइल जड होणार. येताना बसमध्ये हिशोब केला, बत्तीससुद्धा काठावरच आहे.

१९ तारीख, गुरुवार

सकाळी सोळावाला मागवला. भाऊजी म्हणाले होते पुरेल, दुनिया वापरते, मी कोण लागून गेले. अकराला रद्द केला. दुपारी बत्तीसवाला मागवायला घेतला, तर त्याचा स्क्रीन लहान. मोठ्या स्क्रीनवाल्यात बत्तीस आहे, पण तो पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला येणार. तळ्यात मळ्यात, तळ्यात मळ्यात. दिवस गेला.

जेवताना नवऱ्याला तक्ता दाखवला. हा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. तक्ता नीट वाचला, वही मिटून ठेवली. "माझ्याकडे जबडा येतो. आहे त्या जबड्यात बसवायचं. मोठा जबडा मागवता येत नाही."

"विनोद करू नकोस."

"मी कुठे विनोद करतोय," म्हणाला आणि आणखी आमटी वाढून घेतली.

२२ तारीख, रविवार

चिडचिड होतेय. उठावंसं वाटत नाही, बसवत नाही. कपाट आवरलं. टेबल खिडकीशी हलवलं, मग उजेड स्क्रीनवर येतो म्हणून परत भिंतीशी आणलं. आई म्हणाल्या, "अगं, स्वतःला तरी एका जागी ठेव."

प्रेसमध्ये पान लावलं की मी ते मालकांच्या टेबलावर ठेवायची. ते लाल पेनाने दोन-चार खुणा करायचे, बरेचदा उगाचच, आणि मग पान पुढे जायचं. मी किती वैतागायची त्या लाल पेनावर! सोडताना म्हणाले होते, "बाहेर बघणारं कुणी नसतं बरं का, जे जाईल ते तुमचंच." मला वाटलं, जळतोय. आता सरांच्या पुस्तकाचं पान मी लावणार आणि ते तसंच छापायला जाणार. चूक राहिली तर दोनशे बारा गवतं माझ्या नावाने बोंबलणार. म्हणून तर मशीन चांगलं हवं. यात माझं काय चुकतंय?

२५ तारीख, बुधवार

आज द्यायचं म्हटलं होतं. दिलं नाही.

सरांचा फोन आला होता, दुपारी सव्वातीनला. वाजू दिला. काय सांगणार, मेमरी ठरत नाहीये? तशी महिनाअखेर अजून गेलेली नाही, तारीख त्यांनीच दिली होती. पंचवीस मी आपली उत्साहात बोलून गेले. मशीन आलं की मीच फोन करीन.

दोन तारखेचा बत्तीसवाला मागवायचा की दुकानातला लहान स्क्रीनवाला उचलून आणायचा, हे उद्या नक्की.

२७ तारीख, शुक्रवार

सुटले! सरांचा पुन्हा फोन आला, आज उचलला. मी सबबी तयार ठेवल्या होत्या, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, "तुम्हाला सांगायचं होतं, महिनाअखेरची घाई नाही आता. सावकाश करा. जमेल तसं." आवाज जरा बसलेला होता, सर्दी झाली असावी. मी म्हटलं, सर, काळजी घ्या, नवीन मशीन येतंय, बघा कसं झकास पुस्तक करते. ते "हो, हो" म्हणाले.

देवासारखा माणूस. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा भूक लागली. बत्तीसवाला, मोठा स्क्रीन, निवांत मागवून टाकला. दुपारी दोन तास ढाराढूर झोपले.

२८ तारीख, शनिवार

हे लिहायला हात धजत नाहीये, पण लिहिते.

दुपारी जेवताना सांगितलं, सरांनी मुदत वाढवून दिली, एवढे मोठे पण किती समजूतदार. नवऱ्याने घास खाली ठेवला.

"घाई नाही, असं का म्हणाले?"

"का म्हणजे? चांगले आहेत म्हणून."

तो माझ्याकडे बघेना. आई भात कालवत होत्या, त्यांचा हात थांबला. हळूच म्हणाल्या, "अगं, पण घाई होती कुणाची?"

मी पाच-सहा सेकंद त्यांच्याकडे बघत बसले. खरंच सांगते, मला कळायला तेवढा वेळ लागला. मग ताटावरून उठले. सरांना फोन लावला. ते म्हणाले, "हो. परवा. पडद्यात मोठा रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणतात, बघू, पण फार आशा ठेवू नका. तुम्ही नका मनाला लावून घेऊ, तुमचा काय दोष?"

माझा काय दोष! एवढं बोलून त्यांनी माझी चौकशी केली, मशीन आलं का म्हणून.

मोरीत जाऊन रडले. लाज वाटते, लाज. लहानपणी परीक्षेच्या दिवशी पोटात दुखायचं तसं महिनाभर मला दुखत होतं, आणि मी त्याला मेमरी म्हणत होते. मी घाबरले होते. बस, एवढंच होतं. पहिलं पान एकटीने लावायला घाबरले होते.

२९ तारीख, रविवार

सकाळी चहा घेऊन नवरा टेबलाशी आला. मी जुना लॅपटॉप उघडून नुसतीच बसले होते. त्याने विचारलं, "प्रेसमध्ये एवढी जड चित्रं यायची तेव्हा काय करायचीस?"

"हलक्या प्रती करायचो," मी सवयीने म्हटलं. "प्रत्येक चित्राची एक लहान नक्कल. पान तिच्यावर लावायचं. मूळ चित्र शेवटी, छापायला देताना जोडायचं. जड फाइल उघडून पान कुणी लावत नाही. वेडा आहेस का?"

एकोणीस वर्षं हेच केलंय मी. नव्या पोरींना हेच शिकवलंय, पहिल्या दिवशी, सगळ्यात आधी. आणि इथे महिनाभर मूळ चित्रंच उघडत बसले, का, तर माझं स्वतःचं पहिलं पुस्तक, त्यात हलकं काही नको! नवऱ्याने कप ठेवला आणि तो आईंना घेऊन बाजारात गेला, म्हणजे घर रिकामं.

नेटवरची सगळी पानं मिटली. सत्तावन्न होती. बारा चित्रं एकेक करून उघडली, हलकी केली, मिटली. मशीन घरघरलं, पण बसलं नाही. दहा वाजता पहिलं पान घेतलं. समास थोडा जास्त, अक्षर मोठं, बाईंनी सांगितलं तसं. डावीकडे सरांचा मजकूर, उजवीकडे चित्र. चित्रातलं गवत मजकुराच्या बाजूला झुकलेलं आहे, म्हणून मधली जागा कमी केली, आणखी कमी केली, बोटभर ठेवली. चांगलं दिसलं. जेवायला उठले नाही. संध्याकाळी साडेसहाला बारावं पान झालं.

आईंना बोलावून दाखवलं. त्या चष्मा लावून एकेक पान बघत राहिल्या आणि त्यांनी एकही म्हण टाकली नाही. बाराव्या पानावर फक्त म्हणाल्या, "सुंदर गं. फार सुंदर." मला ते ऐकवेना.

३० तारीख, सोमवार

पानं मोठ्या कागदावर छापून घेतली आणि सरांकडे गेले. आधी फोन केला नाही, केला असता तर पाय मागे फिरले असते.

बाई टेबलाशी त्यांच्याच खुर्चीत होत्या. डोळे उघडे, पण माझ्या आवाजाच्या जरा बाजूला बघत. सरांनी पानं घेतली, पहिलंच पान बघून चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पुस्तक तुमचंच." मी एवढे दिवस हेच वाक्य ऐकायला जगत होते आणि ते कानावरून गेलं.

बाईंनी हात पुढे केला. सरांनी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चेहऱ्याशी आणलं, मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली, मग खिडकीकडे धरलं. मग त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि हाताने सपाट केलं.

"माझं कुठे आहे?"

मी त्यांचं बोट धरून चित्रावर ठेवलं.

"आणि याचा मजकूर?"

"हा, इथे, डावीकडे." बोट सरकवलं.

"एवढंसंच अंतर?"

"बोटभर."

त्यांनी बोट दोन-तीनदा तिथल्या तिथे इकडून तिकडे नेलं. चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाल्या, "छान केलंस. बराच वेळ लागला असेल ना तुला? कधीपासून करत होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. महिनाभर खपत होते म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, मलाही. पण या घरात मी एकदा खोटं बोललेय.

म्हटलं, "काल केलं."

"हे पान?"

"बाराही."

सर टेबलाकडे बघत होते. खालून कुणीतरी गाडी मागे घेत असल्याचा आवाज येत होता.

"गुरुवारी सकाळपर्यंत मला दिसत होतं," बाई म्हणाल्या. रागाने नाही. कुणी विचारल्यावर वेळ सांगावी तसं.

मी म्हटलं, "चुकलं माझं." खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. वाटलं, आता जा म्हणतील, आणि म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, सरांची. "बस. त्याचं मी ऐकत नाही, तो फार भरभर वाचतो. तू वाच. आणि चित्र आलं की सांग, कुठे ठेवलंयस ते."

मी बसले. पहिलं पान वाचलं, त्यांचं बोट चित्रावर नेलं, मग दुसरं घेतलं. बारा पानं संपली. त्यांनी विचारलं, "पुढचं प्रकरण कधी आणतेस?"

"गुरुवारी," मी म्हटलं, आणि लगेच म्हटलं, "नाही, परवा. बुधवारी."

परत येऊन टेबलाशी बसलेय. सहा पानं झाली.